पुठ्ठ्याची एंजिनशेड

नाशिकरोडहून आगगाडीनें मुंबईस गेलेला मुलगा किंवा मुलगी इगतपुरीचें स्टेशन सहसा विसरत नाहीं. पावसाळ्यांत तेथें ढग फलाटावर उतरलेले असतात, डोंगरांवरून पांढरे ओहोळ धांवत असतात, आणि आपण गरम वडा हातांत घेऊन खिडकीशीं बसलेले असतों. परंतु मुंबईहून परत येतांना याहून मोठी गंमत घडते, व तिकडे मात्र फारच थोड्यांचें लक्ष जातें. कसाऱ्यास गाडी थांबते, कांहीं वेळानें मागच्या बाजूनें एक हलका धक्का जाणवतो, आणि मग घाट चढावयास आरंभ होतो. तो धक्का मागें जोडलेल्या साहाय्यक एंजिनांचा असतो. रेल्वेचे लोक त्यांस ‘बँकर’ म्हणतात. घाटाचा चढ ३७ स १, म्हणजे ३७ फूट पुढें गेल्यावर गाडी एक फूट वर चढते. आपल्या पायांस हा चढ कांहींच वाटणार नाहीं. पण गुळगुळीत रुळांवर गुळगुळीत चाकांनीं शेंकडों टनांचें ओझें ओढणाऱ्या एंजिनास तो फार जड जातो. म्हणून पुढून ओढणें व मागून ढकलणें, असा दुहेरी उपाय करावा लागतो. इगतपुरीस हीं एंजिनें सुटीं होतात, आणि पुन्हा घाट उतरून पुढच्या गाडीच्या सेवेस जातात.

आपल्या देशांत प्रवाशांची पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास गेली. त्यानंतर बारा वर्षांच्या आंत, १ जानेवारी १८६५ रोजीं, थळ घाटाचा मार्ग इगतपुरीपर्यंत खुला झाला. ज्यांच्या देखरेखीखालीं घाटांतील कामें आंखलीं गेलीं ते मुख्य एंजिनियर जेम्स बर्कले १८६२ सालींच निवर्तले. घाट चढून गेलेली गाडी पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. आरंभीं या घाटांत वाफेचीं एंजिनें चालत. पुढें १९३० च्या सुमारास तारांतून वीज घेऊन चालणारीं एंजिनें आलीं. त्यांतील मालगाड्यांचें एक एंजिन लांब नाकाचें होतें. इंग्रज त्यास ‘मगर’ म्हणत. आपले कामगार मात्र त्याला ‘खेकडा’ म्हणत. त्यांपैकीं ‘सर लेस्ली विल्सन’ नांवाचें एंजिन दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयांत जपून ठेविलेलें आहे.

हा सर्व इतिहास वर्गांत सांगत असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, हीं एंजिनें रात्रीं निजतात कोठें?” प्रश्न हंसण्यासारखा वाटला, तरी तो फार चांगला होता. घोड्यांस जशी पागा, तशी एंजिनांस शेड. या प्रश्नांतूनच गेल्या वर्षीं आमच्या छंदमंडळानें एंजिनशेडची एक लहान प्रतिकृति बांधावयाचें ठरविलें. ती कशी बांधली, कोठें चुकली व त्यांतून आम्ही काय शिकलों, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम प्रमाणाविषयीं. प्रतिकृति म्हणजे नुसती लहान वस्तु नव्हे. तिचा प्रत्येक भाग एकाच प्रमाणांत लहान झाला पाहिजे. आम्हीं तयार भागांचा जो संच आणला तो ८७ स १ या प्रमाणाचा होता, म्हणजे मूळ वस्तूचे ८७ मिलिमीटर येथें १ मिलिमीटर होतात. संचांतील शेडचें दार ५२ मिलिमीटर रुंद होतें. त्यास ८७ नें गुणिलें असतां खऱ्या दाराची रुंदी सुमारें साडेचार मीटर येते. बाजारांत ७६ स १ या प्रमाणाचेहि संच मिळतात, व दोन्ही प्रमाणांच्या गाड्या एकाच रुंदीच्या रुळांवर चालतात. म्हणून नवशिका माणूस एका प्रमाणाचें एंजिन व दुसऱ्या प्रमाणाची शेड घेऊन येतो, आणि मग एंजिनासमोर दार बुटकें कां दिसतें, याचें कोडें त्यास उलगडत नाहीं. खोक्यावरील आंकडा पाहिल्याशिवाय पैसे देऊं नयेत, ही पहिली सूचना.

रुळांसंबंधीं एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. या खेळांतील रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असतें. त्यास ८७ नें गुणिलें कीं १४३५ मिलिमीटर होतात. हें अंतर युरोपांतील बहुतेक रेल्वेचें व आपल्याकडील पुणें-मुंबईच्या मेट्रोचें होय. आपल्या मोठ्या रेल्वेचें अंतर १६७६ मिलिमीटर आहे. तें या प्रमाणांत १९ मिलिमीटरांहून थोडें अधिक यावयास पाहिजे. म्हणजे आमच्या प्रतिकृतींतील रूळ जवळजवळ ३ मिलिमीटरांनीं अरुंद आहेत. तसे रूळ घरीं करणें आमच्या आटोक्याबाहेरचें असल्यामुळें आम्हीं ही उणीव पत्करली, व प्रदर्शनांत तशी पाटीहि लाविली. उणीव असणें हा दोष नव्हे. ती लपविणें हा दोष होय.

आतां बांधणीकडे वळूं. संचांत जाड पुठ्ठ्याचे व पातळ लांकडी फळीचे यंत्रानें कापलेले भाग एका चौकटीस बारीक टांक्यांनीं चिकटलेले असतात. ते सर्व एकदम सुटे करूं नयेत. जो भाग लावावयाचा तोच धारदार पात्यानें सोडवावा. पातें नेहमीं आपल्या बोटांपासून दूर जाईल असें चालवावें, आणि एका दाबानें कापण्यापेक्षां हलक्या हातानें तीन-चार वेळां फिरवावें. लहान मुलांच्या हातीं पातें एकट्यानें देऊं नये, ही पालकांस विनंति. सोडवलेल्या भागाची कड कांचकागदावर दोनदां घांसली कीं टांक्याची खूण जाते.

डिंक लावण्यापूर्वीं सर्व भाग कोरडेच जोडून पाहावेत. हा वेळ फुकट जातो असें मुलांस वाटतें. पण डिंकानंतर समजलेली चूक ही फाडूनच दुरुस्त होते, डिंकापूर्वीं समजलेली नुसती उचलून. भिंतींस रंगहि आधींच द्यावा. शेड उभी राहिल्यावर आंतील कोपऱ्यांत कुंचला पोंचत नाहीं. विटांचा रंग एकसारखा लाल देऊं नये. कोणतीहि जुनी भिंत जवळून पाहा; कांहीं विटा तांबूस, कांहीं काळपट, कांहीं भाजतांना जळलेल्या दिसतात. आमच्या मुलांनीं गोदाकांठच्या जुन्या वाड्यांच्या भिंती पाहून रंगांची यादी केली, आणि त्या यादींत अकरा रंग निघाले.

डिंक म्हणून सुतार वापरतात तो फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक उत्तम. परंतु त्यांत पाणी असतें, व पुठ्ठ्याच्या एकाच बाजूस तो भरपूर लावला कीं ती बाजू फुगते आणि पुठ्ठा वांकतो. आमचें काम जुलैंत सुरू झालें. हवाच ओली होती. पहिली भिंत सकाळीं सरळ होती, सायंकाळीं ती पुरीसारखी फुगली. तेव्हांपासून डिंक कांडीच्या टोंकानें बारीक रेघेंत लावावा, भाग दोन सपाट फळ्यांमध्यें दडपून रात्रभर ठेवावा, आणि रंगाचा हात दोन्ही बाजूंस द्यावा, असा नियम केला. भिंतींचा कोपरा उभारतांना डोळ्यावर विश्वास न ठेवतां गुण्या लावावा. एका कोपऱ्यांतील थोडीशी तिरपाई छपरापर्यंत पोंचतांना चांगलीच वाढते, आणि मग दोन पाखीं आढ्याशीं मिळेनाशीं होतात. आम्हीं चारी कोपऱ्यांत आंतून लांकडाचे लहान चौकोनी ठोकळे लाविले. त्यामुळें भिंती आपोआप काटकोनांत राहिल्या.

भिंतींवर कैच्या, कैच्यांवर पन्हळी पत्र्याचें छप्पर, व छपराच्या मध्यावर लांबच लांब उघडी फट, असा त्या संचाचा नकाशा होता. ती फट आमच्या मुलांस विद्रूप वाटली. पावसाचें पाणी आंत येईल, असें त्यांचें म्हणणें. मलाहि तें पटलें, व आम्हीं तेथें एक पट्टी चिकटवून फट बंद केली. तसेंच रुळांमध्यें एक लांब खड्डा करावा असें सूचनापत्रांत लिहिलें होतें. तो करण्यास त्रास, म्हणून आम्हीं तोहि गाळला. शेड दिसावयास नीटनेटकी झाली.

त्या सुमारास एका विद्यार्थिनीचे आजोबा तिला न्यावयास शाळेंत आले. त्यांनीं तरुणपणीं भुसावळच्या बाजूस वाफेच्या एंजिनांवर काम केलें होतें. मुलांनीं मोठ्या हौसेनें त्यांस शेड दाखविली. ते खालीं वांकून बराच वेळ पाहत राहिले, आणि मग म्हणाले, “बाळांनो, धूर कोठून जाणार?”

कोणासच उत्तर देतां येईना. तेव्हां त्यांनीं जें सांगितलें तें मी शक्य तितक्या त्यांच्याच क्रमानें देतों. वाफेचें एंजिन बटण दाबून चालू होत नाहीं. थंड बंबांत विस्तव पेटविल्यापासून पुरेशी वाफ होईपर्यंत कित्येक तास लागतात, आणि तो सर्व वेळ एंजिन शेडमध्येंच उभें राहून धूर ओकत असतें. छपरास फट नसेल तर आंतील माणसें गुदमरून जातील. पावसाचे चार थेंब आलेले चालतात, धूर कोंडलेला चालत नाहीं. रुळांमधील खड्डा शोभेसाठीं नसतो. एंजिनाच्या पोटाखालीं जाऊन तेल घालण्यास व तपासणीस फिटरला दुसरी वाटच नसते. बाहेर राख पाडण्याचा निराळा खड्डा, पाण्याचा नळ, कोळशाचा ओटा आणि वाळू सुकविण्याची जागा लागते. वाळू कशास? घाटांत चाकें घसरूं लागलीं कीं एंजिन आपल्याच चाकांपुढें रुळावर कोरडी वाळू सोडतें, म्हणजे पकड येते. वाळू ओली असेल तर ती नळींत अडकते. म्हणून ती भाजावी लागते. “आणि,” ते शेवटीं म्हणाले, “एक सायकल ठेवा दाराशीं. कॉलबॉयची.” ड्रायव्हरची पाळी मध्यरात्रीं असली तर त्याच्या घरीं जाऊन त्यास उठविणारा माणूस म्हणजे कॉलबॉय. त्याच्या हांकेनें ड्रायव्हरबरोबर घरांतील सगळेंच जागें होई, असें सांगतांना आजोबा हंसले. पण त्यांचा हात बराच वेळ त्या पुठ्ठ्याच्या भिंतीवर होता.

मित्रहो, आपल्या देशांत मोठ्या रुळांसाठीं शेवटचें वाफेचें एंजिन चित्तरंजनच्या कारखान्यांत १९७० सालीं तयार झालें. त्याचें नांवच ‘अंतिम सितारा’ असें ठेविलें होतें. मोठ्या मार्गावरील नेहमींच्या गाड्यांतून वाफेचें एंजिन १९९५ च्या डिसेंबरांत कायमचें निघालें. म्हणजे हीं कामें ज्यांनीं स्वतः केलीं अशीं माणसें आतां वृद्ध झालीं आहेत, आणि त्यांचें ज्ञान कोणत्याहि खोक्यांतील सूचनापत्रांत छापलेलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्हीं पट्टी उपटून फट मोकळी केली, फळी कोरून खड्डा केला, आणि बारीक तारेची सायकल दाराशीं उभी केली.

आतां आमच्या सर्वांत मोठ्या चुकीची हकीकत. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशीं सायंकाळीं प्रथमच एंजिन चालवून पाहिलें. रूळ एका सुंदर वळणानें येऊन थेट दाराशीं सरळ होत होते. वळणाच्या आंतल्या बाजूस एका विद्यार्थिनीनें दोन आठवडे खपून कागदाच्या लगद्याचा थळ घाटाचा डोंगर उभारला होता. एंजिन डौलानें आलें, आणि त्याचें नाक दाराच्या बाहेरील खांबास खरकन् घांसून थांबलें. पुन्हा चालविलें, पुन्हा तेंच. दार ५२ मिलिमीटर, एंजिन ३६ मिलिमीटर; मग अडतें कशास? मीं उतावीळपणानें कानस घेतली व खांब थोडा घांसूं लागलों. तिसऱ्या घासेस खांबाचे पदर सुटले आणि तो मोडला. कानस माझ्याच हातांत होती, हें येथें नमूद करणें प्राप्त आहे.

सगळे गप्प झाले. तेव्हां दहावीचा एक विद्यार्थी म्हणाला, “सर, आधीं गणित करून पाहूं या का?” त्यानें फळ्यावर काढलेलें गणित असें. एंजिनाची लांबी २३० मिलिमीटर. त्याच्या दोन चाकगाड्यांच्या मध्यांमधील अंतर १५०. म्हणजे नाक पुढच्या चाकगाडीच्या ४० मिलिमीटर पुढें असतें. वळणाची त्रिज्या ४३८. वळणावर चाकगाड्या रूळ सोडीत नाहींत, पण एंजिनाचें अंग सरळच राहतें, त्यास वांकतां येत नाहीं. म्हणून त्याचें नाक वळणाच्या बाहेर डोकावतें. किती? वृत्ताबाहेरील बिंदूंतून जाणाऱ्या दोन छेदिकांचें जें प्रमेय दहावीच्या भूमितींत आहे, तेंच येथें लागू पडतें. नाक हा बाहेरील बिंदु. एका छेदिकेवर अंतरें ४० व १९०. त्यांचा गुणाकार ७६००. दुसरी छेदिका वृत्तमध्यांतून जाते. तिजवर हवें असलेलें अंतर, आणि तेंच अधिक व्यास, म्हणजे ८७६. यावरून तें अंतर सुमारें ८.६ मिलिमीटर येतें. एंजिनाची अर्धी रुंदी १८, त्यांत ८.६ मिळविले म्हणजे २६.६. दाराची अर्धी रुंदी मात्र २६! केवळ अर्ध्या मिलिमीटराच्या आसपास फरक, पण तेवढ्यानें एंजिन अडलें.

उपायहि त्याच गणितांत होता. नाक दाराशीं पोंचेल तेव्हां दोन्ही चाकगाड्या सरळ रुळांवर असल्या पाहिजेत. त्यासाठीं दारापूर्वीं निदान ४० अधिक १५०, म्हणजे १९० मिलिमीटर सरळ रूळ हवा. सुरक्षित नियम असा कीं, दारापुढें एंजिनाच्या लांबीइतका मार्ग सरळ ठेवावा. पण आमची शेड फळीच्या अगदीं कडेस होती. ती मागें सरकविण्यास जागा नव्हती. वळणच आंत घ्यावयाचें, तर डोंगर कापला पाहिजे. एंजिन शेडच्या बाहेरच उभें करून ठेवावें, पाहुण्यांस कांहीं कळणार नाहीं, असेंहि एकानें सुचविलें. मीं त्या विद्यार्थिनीकडे पाहिलें. ती कांहीं वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “एंजिन आंत जात नसेल तर ती शेड कसली?” आणि तिनेंच करवत उचलली. डोंगराचा चतुर्थांश गेला. कापलेली बाजू उघडी दिसूं लागली, तेव्हां तिनें तीवर काळ्या खडकाचे थर रंगविले. खरा घाट सुरुंगांनीं फोडून केलेला आहे, हें त्या कापलेल्या बाजूमुळेंच अधिक समजूं लागलें. मोडलेला खांब आम्हीं आंतून काडी घालून जोडला. त्याची रेघ अजून दिसते. रात्रीं नऊच्या सुमारास एंजिन खांबास न शिवतां आंत गेलें, आणि मुलांनीं केलेला आनंदाचा गलबला शेजारच्या इमारतीपर्यंत पोंचला.

दुसऱ्या दिवशीं पुष्कळ पालकांनीं प्रतिकृति पाहिली. आजोबाहि आले. त्यांनीं प्रथम छपराची फट पाहिली, मग खड्डा, मग सायकल. आणि नातीस जवळ घेऊन शेजारच्या अनोळखी गृहस्थांस शेड समजावून देऊं लागले. आम्हीं आमचें लिहिलेलें माहितीपत्रक हळूच बाजूस ठेविलें.

ज्यांस हा छंद लावून घ्यावयाचा असेल त्यांनीं एकदां पुण्यास कोथरूड येथील जोशी यांचें लघुरेल्वे संग्रहालय अवश्य पाहावें. भाऊ जोशी यांच्या जन्मभराच्या छंदांतून तें उभें राहिलें व १ एप्रिल १९९८ रोजीं लोकांसाठीं खुलें झालें. तेथें एका लहानशा नगरांत आगगाड्या, रस्ते व दिवे चालतांना दिसतात. तें पाहून घरीं आल्यावर लगेच मोठा संच मागूं नये; जुन्या वहीचा पुठ्ठा, पट्टी, गुण्या आणि डिंक एवढ्यावर एका मार्गाची शेड होऊं शकते.

पालकांस एवढीच विनंति कीं, मूल असें कांहीं करीत असतां “अभ्यास सोडून हें काय?” असें चटकन् म्हणूं नये. आमच्या वर्गांत त्या छेदिकांच्या प्रमेयाचा उपयोग काय, असें आतां कोणी विचारीत नाहीं. आणि विद्यार्थ्यांस सांगणें इतकेंच: संचांतील एखादा भाग निरुपयोगी वाटला, तर तो टाकण्यापूर्वीं त्याचें कारण शोधा. सूचनापत्रांत तें सांपडलें नाहीं, तर आपल्या आळींत विचारा. शाळेच्या प्रयोगशाळेशेजारच्या खोलींत आमची शेड ठेविलेली आहे. येत्या वर्षीं नाशिकरोड ते नाशिक शहर धांवणाऱ्या जुन्या ट्रामची प्रतिकृति करण्याचा विचार आहे. ती ट्राम आरंभीं घोडे ओढीत असत. ज्यांच्या घरीं तिच्याविषयीं कांहीं आठवणी असतील त्यांनीं त्या अवश्य कळवाव्यात. या खेपेस डिंक लावण्यापूर्वींच आम्ही त्या विचारणार आहों.